रविवारची मिस्सा आणि बुधवारचे शेजारी

प्रश्न : ताई, माझं वय ३८. पत्नी आणि तीन मुलं असं आमचं कुटुंब आहे. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा, धाकटा २ वर्षांचा. गेली चार वर्षं आम्ही दर रविवारी जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे १९६० च्या दशकातल्या बदलांआधीच्या विधीनं होणाऱ्या उपासनेला जातो. जायला पावणेदोन तास लागतात, यायला तेवढेच. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) मिस्सेत मन लागत नाही आणि मुलांना त्यांच्या वयाचं, श्रद्धेनं जगणारं कुणी भेटत नाही. माझं काम घरून होतं, त्यामुळे कुठंही राहू शकतो. तीन जागा डोळ्यांसमोर आहेत. पहिली, बेनेडिक्टाइन भिक्षूंच्या मठाशेजारचं खेडं. तिथं जुन्या मिस्सेसाठी येऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबं आहेत. दुसरी, एक मध्यम आकाराचं शहर. तिथल्या एका धर्मग्रामात रोजच्या मिस्सांशिवाय रविवारी बिशपांच्या परवानगीनं जुनी मिस्सा होते. तिसरी, एका संस्थेनं स्वतःचं चर्च आणि शाळा बांधून वसवलेली वस्ती. ही संस्था रोमशी पूर्णपणे जोडलेली नाही असं काही जण म्हणतात, काही म्हणतात त्यात वावगं काही नाही. सौ. विरोध करत नाही, पण काही बोलतही नाही. तिची आई आमच्यापासून दहा मिनिटांवर एकटी राहते. घर विकायला काढू का? आणि जावं तर कुठं?

उत्तर : बंधू, घर विकायला काढू नका. निदान या वर्षी तरी नाही. जाऊच नका असं मी म्हणत नाही. उलट पावणेदोन तासांचा तो प्रवास फार दिवस रेटू नये असंच माझं मत आहे, आणि ते अनुभवातून झालेलं आहे.

आम्हीही सहा वर्षं हेच केलं. सत्तर किलोमीटर. मुलांना पहाटे झोपेतच गाडीत घालायचं, कपडे वाटेत बदलायचे, मिस्सा संपली की लगेच परतीला लागायचं. आमच्या पुढच्या बाकावर एक बाई बसायच्या, पासष्टीच्या असतील. त्यांच्याकडे कातडी बांधणीची जुनी मिस्सापुस्तिका होती. तिच्यातल्या लाल, हिरव्या, जांभळ्या फितींची टोकं पार उसवून गेली होती. माझी मुलगी नुकती उभी राहायला लागली होती. बाकाच्या पाठीला धरून ती त्या फितींकडे हात करायची आणि बाई मागे न बघता पुस्तिका थोडी मागे सरकवून द्यायच्या. एका रविवारी ती जागा रिकामी दिसली. मिस्सेनंतर कळलं, बाई सोमवारी गेल्या, बुधवारी सकाळी दहाला दफनविधी झाला. आम्हाला कळवायचं कुणाला सुचलंच नाही, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. सहा वर्षं ज्यांच्या पाठीमागे गुडघे टेकले, त्यांचं आडनाव मी त्या दिवशी चर्चच्या दारावर लावलेल्या कागदावर पहिल्यांदा वाचलं.

घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. आम्ही त्या मिस्सेला जात होतो, पण त्या लोकांत आमची गणती नव्हती. पाहुण्यासारखे यायचो, पाहुण्यासारखे जायचो.

म्हणून जागा निवडताना पहिला प्रश्न हा विचारा : आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामधंदा सांभाळून, मी त्या चर्चमध्ये पोचू शकेन का? कुणाच्या दफनाला, कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला, शनिवारी कुमसाराला (पापांची कबुली द्यायला), मुलाच्या गायनाच्या सरावाला? माझ्या हिशेबानं घर ते चर्च अर्ध्या तासाच्या आत हवं, चालत जाता आलं तर सोन्याहून पिवळं. त्यापलीकडे गेलं की रविवार तेवढा उरतो. फक्त रविवारच हवा असेल तर तो तुम्हाला आजही मिळतोच आहे.

आता दुसरी गोष्ट. ही जरा कटू आहे, पण घराचा व्यवहार करण्याआधी तुम्हाला ती नीट माहीत असायला हवी. जुनी मिस्सा आज जिथं आहे तिथं ती उद्याही असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ७ जुलै २००७ रोजी ‘सुम्मोरुम पोंतिफिकुम’ हे आज्ञापत्र काढलं. त्यामुळे १९६२ च्या मिस्साग्रंथानुसार मिस्सा करण्याची वाट धर्मगुरूंना बरीच मोकळी झाली. चौदा वर्षांनी, १६ जुलै २०२१ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या ‘त्रादितिओनिस कुस्तोदेस’ या आज्ञापत्रानं ती वाट पुन्हा बिशपांच्या हाती गेली. नवे गट उभारायचे नाहीत, जागा बिशपांनी ठरवायची आणि ती धर्मग्रामाचं चर्च नसावी, असं त्यात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यात आणखी भर पडली. धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जुनी मिस्सा चालू ठेवायची असेल तर ती सवलत देणं रोमनं स्वतःच्या हाती घेतलं.

कागदावरच्या या बदलांचा माणसांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते पाहा. अमेरिकेतल्या आर्लिंग्टन धर्मप्रांतात २१ धर्मग्रामांत जुनी मिस्सा व्हायची. २०२२ मध्ये ती ८ ठिकाणांवर आली. शार्लट धर्मप्रांतात चार धर्मग्रामांतली मिस्सा २०२५ च्या ऑक्टोबरपासून बंद होऊन मूर्सव्हिलच्या एका प्रार्थनामंदिरात गेली. शिकागोत तर इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंग या जुनी मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंच्या संस्थेला स्वतःच्याच चर्चमधली सार्वजनिक मिस्सा ऑगस्ट २०२२ पासून थांबवावी लागली. या चर्चच्या आसपास मुद्दाम घरं घेतलेली कुटुंबं होतीच. त्यांचा विचार मनात आला की मला गलबलून येतं, कारण आमच्या बाबतीतही पुढे हेच झालं.

बाईंच्या जाण्यानंतर वर्षभरात आम्ही त्या चर्चपासून पंधरा मिनिटांवर घर भाड्यानं घेतलं. तीन वर्षं फार सुखाची गेली. मग तिथली मिस्सा थांबली. शेवटच्या रविवारी चर्च भरून गेलं होतं, लोक पायऱ्यांवरही उभे होते. पुढच्या महिन्यात निम्मी कुटुंबं इकडेतिकडे पांगली, कुणी दूरच्या मिस्सेला जाऊ लागलं, कुणी रागानं कुठंच जाईना. उरलेली माणसं मात्र तीच होती, जी एकमेकांच्या घरी गुरुवारी रोझरीसाठी (जपमाळेच्या प्रार्थनेसाठी) जमायची. त्या घरांतला कुणी आजारी पडला तर आळीपाळीनं दवाखान्यात बसायची आमची रीत होती. मिस्सा गेली म्हणून ती रीत मोडली नाही. आज आम्ही त्याच धर्मग्रामातल्या नेहमीच्या मिस्सेला जातो. आमच्यातले तिघे तिथं गायकवृंदात आहेत, त्यामुळे ‘क्यिरिए’ हे प्रार्थनागीत ग्रीकमध्ये आणि ‘साल्वे रेजिना’ लॅटिनमध्ये होतं आणि सगळं चर्च ते म्हणतं. जुनी मिस्सा मला आठवते. खूप आठवते. पण मी एकटी पडले नाही, आणि त्याचं श्रेय आम्ही निवडलेल्या माणसांना आहे.

तेव्हा तुमच्या तिन्ही जागांना ही एकच कसोटी लावून पाहू : ही मिस्सा उद्या थांबली किंवा तासभर दूर गेली, तर इथं राहायला आपल्याकडे कारण उरेल का?

तिसरी जागा आधी घेते, कारण तिथं मला फार वेळ लागणार नाही. तुम्ही वर्णन केलेली संस्था ही सेंट पायस दहावे यांच्या नावाची सोसायटी असावी असं वाटतं, जिला सगळे एसएसपीएक्स म्हणतात. आर्चबिशप मार्सेल लफेव्ह्र यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती सुरू केली. ३० जून १९८८ रोजी त्यांनी पोप महोदयांच्या परवानगीवाचून चार बिशपांना दीक्षा दिली आणि मोठी दरी पडली. २००९ मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार पोप बेनेडिक्ट यांनी उठवला, पण त्याच वर्षीच्या पत्रात त्यांनी हेही स्पष्ट लिहिलं की ख्रिस्तसभेत या संस्थेला कायदेशीर स्थान नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्यांच्या धर्मगुरूंना कुमसार ऐकण्याचा अधिकार दिला आणि २०१७ मध्ये त्यांच्याकडच्या विवाहांसाठीही वाट काढून दिली. म्हणजे दार पूर्ण बंद नाही आणि पूर्ण उघडंही नाही. अशा वस्त्या जगात आहेत. अमेरिकेच्या कॅन्ससमधलं सेंट मेरीज हे छोटं गाव सगळ्यांत ठळक. तिथं संस्थेनं १९७८ मध्ये जेज्विट धर्मसंघाचं जुनं महाविद्यालय विकत घेतलं आणि त्याभोवती कुटुंबं येत गेली. तिथल्या माणसांची भक्ती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या ११ वर्षांच्या मुलीचा दृढीकरण संस्कार जवळ आला आहे, धाकटा तर अजून काही समजण्याच्याही आधीचा. बिशपांपासून वेगळं राहणं हीच कॅथलिकांची नेहमीची स्थिती आहे असं समजत त्यांनी वाढावं का? मला ते जड वाटतं. शिवाय शाळा, चर्च, शेजारी, कधीकधी नोकरीसुद्धा, सगळं एकाच संस्थेच्या हाती असलं की मतभेद झाल्यावर माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. तरीही मन तिकडेच ओढत असेल तर त्या भागाच्या बिशपांच्या कार्यालयात जाऊन या संस्थेची आजची स्थिती काय आहे ते विचारा आणि मगच पुढचं बोला. आणि १९५८ मध्ये पोप पायस बारावे वारले, त्यानंतर खरा पोप झालाच नाही असं मानणारे जे गट आहेत, त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. तिथली लॅटिन कितीही शुद्ध असली तरीही.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगायला हवी. १९८८ च्या त्या फुटीच्या वेळी जे धर्मगुरू रोमबरोबर राहिले त्यांनी त्याच वर्षी सेंट पीटर यांच्या नावाचा संघ काढला, त्याला एफएसएसपी म्हणतात. पोप फ्रान्सिस यांनी ११ फेब्रुवारी २०२२ च्या आदेशानं त्यांना स्वतःच्या चर्चमध्ये जुने ग्रंथ वापरायला मोकळीक दिली. तुमच्या यादीत त्यांचं एखादं ठिकाण नाही. शोधा, असल्यास चौथी जागा म्हणून लिहून ठेवा. बिशपांच्या संमतीशिवाय तेही कुठं नव्यानं जाऊ शकत नाहीत, पण जिथं रुजले आहेत तिथं बाकीच्यांपेक्षा जास्त स्थिर असतात असं मी पाहते.

आता मठाशेजारचं खेडं. तुमच्या पत्रात याच जागेबद्दल तुम्ही सगळ्यांत जास्त लिहिलं आहे. मलाही त्या जागेची भूल पडू शकते. फ्रान्समधल्या फोंगोंबो मठातले भिक्षू १९९९ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या टेकड्यांत गेले आणि त्यांनी क्लिअर क्रीकचा मठ उभारला. आज त्याच्या आसपास रानात घरं करून राहिलेली कुटुंबं आहेत. फ्रान्समध्येच ल बारूला भिक्षूंचा मठ आहे आणि जवळच भगिनींचाही. घंटेनं दिवस उगवतो, घंटेनं मावळतो. मुलं रोजच्या प्रार्थनेचे सूर कानात घेऊन मोठी होतात. ही श्रीमंती खरी आहे.

पण मठ हा धर्मग्राम नाही, हे तिथं जाणारी कुटुंबं पुष्कळदा विसरतात. भिक्षूंनी प्रार्थनेचं आणि एकांताचं व्रत घेतलेलं असतं. तुमच्या मुलाला शिकवणं, तुमच्या घरातली भांडणं सोडवणं, आजाऱ्याकडे रात्री-अपरात्री धावणं हे त्यांचं काम नाही. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांसाठी बहुधा तुम्हाला तिथल्या धर्मग्रामाकडेच जावं लागेल आणि तो धर्मग्राम कसा आहे याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. मग राहिली तिथली कुटुंबं. तीही तुमच्यासारखीच बाहेरून आलेली, बहुतेक तरुण, बहुतेकांना लहान मुलं. म्हातारं माणूस कमी. डॉक्टर दूर, आणि तुमचं घरून चालणारं काम काही कारणानं गेलं तर जवळपास दुसरं मिळणं कठीण. तिथं तुमची मिस्सा मात्र बहुधा टिकेल, हे मान्य करते. मठांची घडी लवकर विस्कटत नाही. कसोटीचं उत्तर तिथं वेगळ्याच बाजूनं येतं. मिस्सा राहील, पण तुम्हाला राहता येईल का? त्या खेड्याला वर्षातून दोनदा आठवडाभर जा, मुलांना न्या, मौन अनुभवा. घर आत्ता नको.

मला दुसरी जागा पसंत आहे. एकाच छताखाली रोजची मिस्सा आणि रविवारची जुनी मिस्सा, म्हणजे दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत असण्याची शक्यता आहे. तिथं म्हातारे असतील, विद्यार्थी असतील, मूल नसलेली जोडपी असतील, नुकतेच श्रद्धेत आलेले असतील, लॅटिनचं एक अक्षर न येणारेही असतील. मुलांनी अशा गर्दीत वाढावं. हाच समाज आहे. फक्त परंपरेवर प्रेम करणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या आईवडिलांचा गट, तो कितीही गोड असला तरी, समाजाचा एक तुकडाच असतो. आणि या जागेचं दुबळेपणही आहेच. ती परवानगी उद्या जाऊ शकते. म्हणून तिथल्या फादरांना भेटून सरळ विचारा की परवानगी कुणाची आहे, किती काळाची आहे, आणि ती संपली तर या लोकांचं तुम्ही काय करणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना ते क्षणभर थांबले तर मला आवडेल, कारण ज्यानं विचार केलेला असतो तो थांबतो.

तुम्ही ‘पारंपरिक’ म्हणता तेव्हा नेमकं काय हवं आहे, हेही एकदा स्वतःशी तपासून बघा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात लॅटिन टिकवावी असं म्हटलं आहे आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलं आहे. तिथं म्हटलेलं आजही लागू आहे. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठात नवी मिस्सा लॅटिनमध्ये आणि ग्रेगोरियन सुरांत होते. लंडनच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चमध्ये नवी मिस्साही इतक्या गांभीर्यानं होते की पहिल्यांदा आलेल्याला जुनी-नवी ओळखता येत नाही. रोमशी जोडलेली, पण स्वतःची वेगळी उपासनापद्धती असलेली पौर्वात्य कॅथलिक चर्चेस तर २३ आहेत, त्यांच्या उपासनेतला धूप, गायन, वेदीसमोरचा पडदा पाहून अनेकांचा जीव तिथं रमला आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) १२४८ प्रमाणे कुठल्याही कॅथलिक विधीतल्या मिस्सेनं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. तुम्हाला १९६२ चाच ग्रंथ हवा असेल तर तसं म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण तुमची खरी भूक शांततेची, गुडघे टेकण्याची, अर्थ असलेल्या प्रवचनाची असेल, तर तुमचा नकाशा तीन ठिकाणांपेक्षा बराच मोठा आहे.

पाहायला जाल तेव्हा सणाला जाऊ नका. ईस्टरला आणि नाताळला प्रत्येक चर्च सुंदर दिसतं. एखाद्या साध्या आठवड्यात, बुधवार ते रविवार जा. जवळ कुठं तरी उतरा. बुधवारच्या मिस्सेला किती माणसं आहेत आणि ती कोण आहेत ते बघा. शनिवारी कुमसाराच्या रांगेत उभे राहा; रांग असेल तर त्या चर्चमध्ये पुष्कळसं ठीक चाललं आहे असं समजायला हरकत नाही. रविवारी मिस्सा संपल्यावर अंगणात नुसते उभे राहा, स्वतःहून ओळख करून देऊ नका, आणि किती वेळानं कोण जवळ येतं ते पाहा. लोक बोलू लागले की कान उघडे ठेवा. बिशपांबद्दल आणि पोप महोदयांबद्दल दुःखानं बोलणारा माणूस मला चालतो, मीही तशी बोलते. तुच्छतेनं बोलणाऱ्यांच्या शेजारी मात्र घर घेऊ नये. मुलं ते आधी उचलतात. आणखी एक विचारा, जे विचारायला लोक उगाच लाजतात : मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी आहेत का, वेदीसेवकांना आणि शाळेतल्या मुलांना एकट्यानं कुणाबरोबर ठेवलं जातं का, तक्रार कुणाकडे करायची. या प्रश्नावर जिथं कपाळाला आठ्या पडतील ती जागा सोडून द्या.

जमलं तर त्या समाजातून बाहेर पडलेल्या एखाद्या कुटुंबालाही भेटा. ते काय सांगतात ते महत्त्वाचं आहेच. पण मागे राहिलेले लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेलेल्यांची विचारपूस होते, की नावही घेतलं जात नाही?

जायचं ठरलं तर वर्षभर भाड्यानं राहा, इथलं घर तसंच ठेवून. ख्रिस्तसभेच्या कायद्यातसुद्धा यासाठी पायऱ्या आहेत. कॅनन १०२ प्रमाणे एखाद्या धर्मग्रामात निदान तीन महिने राहण्याच्या इराद्यानं गेलात, किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहिलात, की तुम्ही तिथले तात्पुरते रहिवासी झालात. कायमचं राहायचं ठरवून गेलात तर लगेच, नाहीतर पाच वर्षं पूर्ण झाली की कायमचे. रहिवासी झालात की तिथले धर्मगुरू हे तुमचे धर्मगुरू. त्यांना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटा, घरी बोलवा, आणि जुनी मिस्सा दुसऱ्या चर्चमध्ये असली तरी या चर्चमध्येही नियमानं दिसत राहा. ज्यांना तुम्ही कधी भेटलाच नाहीत, त्यांच्याकडे उद्या मुलीच्या दृढीकरणासाठी जाताना तुम्हालाच अवघड वाटेल.

आता ज्या ओळीपाशी मी सगळ्यांत जास्त थांबले, ती. ‘सौ. विरोध करत नाही, पण काही बोलतही नाही.’

बंधू, चार वर्षं दर रविवारी साडेतीन तास गाडीत मुलांना सांभाळणारी बाई गप्प असते तेव्हा ती थकलेली असू शकते, घाबरलेली असू शकते, किंवा आपण बोललो तर आपली श्रद्धा कमी ठरेल असं तिला वाटत असू शकतं. हे शेवटचं मी खूप घरांत पाहिलं आहे. नवरा मिस्सेबद्दल, परंपरेबद्दल वाचतो, बोलतो, ठरवतो. बायकोला वाटतं की नको म्हणणं म्हणजे देवाला नको म्हणणं. तुम्ही तिला असं वाटू दिलं असेल असा आरोप मी करत नाही. पण तिला एकदा मुलं झोपल्यावर विचारा, आणि विचारताना या तीन जागांची नावं काढू नका. विचारा, ‘तुला इथून गेल्यावर काय नसणार?’ मग तिचं सगळं बोलून होईपर्यंत मधे बोलू नका. समजावू नका. दुसऱ्या दिवशीही समजावू नका.

मला वाटतं त्या उत्तरात तिची आई असेल. तुम्ही आईंबद्दल एकच वाक्य लिहिलं आहे, अगदी शेवटी, पण दहा मिनिटांवर एकटी राहणारी आई हा या निर्णयातला शेवटचा मुद्दा असू शकत नाही. आईवडिलांचा मान राखा ही चौथी आज्ञा मिस्सेच्या भाषेइतकीच जुनी नाही, तिच्याहून फार जुनी आहे. आईंना बरोबर यायचं आहे का, हे कुणी त्यांना विचारलं आहे का? त्यांच्याही काही प्रार्थना असतील, नवऱ्याची कबर असेल, मिस्सेतली ठरलेली जागा असेल. त्या येणार नसतील आणि त्यांच्याकडे बघणारं दुसरं कुणी नसेल, तर आत्ता तुमचं उत्तर ‘थांबा’ हेच आहे. मग पावणेदोन तासांचा प्रवास महिन्यातून एकदाच ठेवा आणि उरलेले रविवार स्वतःच्या धर्मग्रामात जा. तिथं मन लागत नाही असं तुम्ही लिहिलंत. तिथल्या गायकवृंदात किंवा वेदीसेवकांत तुमची मुलं आहेत का, हे मात्र लिहिलं नाहीत. कॅनन २१२ प्रमाणे आपल्या गरजा धर्मगुरूंपुढे मांडायचा तुम्हाला हक्क आहे. महिन्यातून एक मिस्सा लॅटिन गायनानं करू या का, असं फादरांना विचारून बघा. पाच माणसं तुमच्याबरोबर उभी राहिली तर कदाचित तुम्हाला कुठंच जावं लागणार नाही.

आणि आई यायला तयार असतील तर दुसऱ्या जागेची ती बुधवार ते रविवारची भेट ठरवा, सगळ्यांनी मिळून. जुन्या चर्चना बहुतेक पुढून बऱ्याच पायऱ्या असतात. आईंना त्या चढवतात का बघा, कुणी हात द्यायला पुढे होतं का तेही बघा, आणि परत आल्यावर सौ.ना मला दोन ओळी लिहायला सांगा.